काइल फील्डवरचा पहिला सामना: कधी ओरडायचं, कधी गप्प राहायचं, कधी टोपी काढायची

काइल फील्ड हे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम. तिथे विद्यार्थ्यांच्या बाजूला बाकं आहेत, पण सामना चालू असताना त्यांवर कुणी बसत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच सामन्यात दुसऱ्या क्वार्टरला पाय भरून आले आणि मी बसकण मारली. दोन मिनिटांनी शेजारच्या मुलीने वाकून विचारलं, "बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?" तिला वाटलं, उन्हाने मला चक्कर आली. तसं काही नाही हे कळल्यावर ती रागावली नाही. तिने बाराव्या गड्याची गोष्ट सांगितली. मी उठून उभी राहिले ती शेवटच्या शिट्टीपर्यंत.

दर ऑगस्टमध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात एमएस, पीएचडी करायला मराठी मुलं कॉलेज स्टेशनला येतात. घर, बस, बँक यांची माहिती त्यांना कुणी ना कुणी देतं. फुटबॉलबद्दल मात्र 'तिकीट कुठे मिळतं' एवढंच विचारलं जातं. तिकीट मिळणं सोपं आहे. आत गेल्यावर एक लाखाहून जास्त माणसं एका शिस्तीत वागत असतात आणि त्या शिस्तीच्या मागे शंभर वर्षांची आठवण आहे. ती समजली तर सामना खरा दिसतो. म्हणून हा लेख नव्या मुलांसाठी, आणि हिवाळ्याआधी लेकरांना भेटायला येणाऱ्या आईबाबांसाठीही.

आधी बारावा गडी

2 जानेवारी 1922. डॅलसमध्ये ए अँड एमचा सामना सेंटर कॉलेजशी होता. सेंटरचा संघ तेव्हा फार नावाजलेला. ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होत गेले आणि प्रशिक्षक डॅना बायबल यांना भीती वाटू लागली की उतरवायला माणूसच उरणार नाही. ई. किंग गिल नावाचा विद्यार्थी तेव्हा वर पत्रकारांच्या कक्षात बसून त्यांना खेळाडू ओळखून देत होता. तो आधी फुटबॉलच्या संघात होता, पण बास्केटबॉलसाठी त्याने तो सोडला होता. बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. जखमी खेळाडूचा गणवेश अंगावर चढवून गिल मैदानाच्या कडेला उभा राहिला. ए अँड एमने सामना 22-14 असा जिंकला. गिलला आत उतरावं लागलं नाही. हाक आली तर तयार असावं म्हणून तो फक्त उभा राहिला.

विद्यार्थी आजही उभे राहतात ते याच कारणाने. हाक आली तर मी आहे, हे सांगायला. क्रिकेटमधला बारावा गडी पाणी घेऊन धावतो. इथला बारावा गडी म्हणजे अख्खी विद्यार्थ्यांची बाजू.

गुडघे दुखत असतील, बाळ सोबत असेल, आईबाबा सत्तरीचे असतील, तर विद्यार्थ्यांच्या भागातलं तिकीट घेऊ नका. इतर भागांत बसून पाहता येतं आणि त्यात कसलाही कमीपणा नाही. उभं राहायचं ठरवलंत तर मात्र पूर्ण उभं राहा.

खेळ, कामापुरता

प्रत्येक संघाचे 11 जण. चेंडू ज्याच्याकडे, त्याला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं. गेला तर पुन्हा चार प्रयत्न. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, 6 गुण. त्यानंतर लाथेने खांबांमधून चेंडू मारला की 1, किंवा पुन्हा पट्ट्यात नेला तर 2. लांबून लाथ मारून केलेला फील्ड गोल 3 गुणांचा. 15 मिनिटांचे चार क्वार्टर असले तरी घड्याळ सारखं थांबतं, त्यामुळे साडेतीन तास धरून चला. एवढं पुरे, बाकीचं शेजारचा आनंदाने सांगतो. विचारायला लाजू नका.

आठवडाभर आधी

विद्यार्थ्यांची तिकिटं वाटायची पद्धत कॉलेजातल्या ज्येष्ठतेनुसार चालते आणि तिचे तपशील बदलत राहतात, म्हणून त्या हंगामाचे नियम विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे पाहून घ्या. मित्रांसोबत उभं राहायचं असेल तर तिकिटंही एकत्रच काढा.

कपड्यांचा रंग मरून आणि पांढरा. समोरचा संघ कोणता आणि त्याचा रंग कोणता, हे आदल्या रात्री पाहा. टेक्सास विद्यापीठाशी सामना असताना नारिंगी टीशर्ट घालून विद्यार्थ्यांच्या भागात उभं राहिलात तर कुणी मारणार नाही, पण तुम्ही पाहुण्या संघाचे आहात असं सगळे धरून चालतील. मरून कपडा नसेल तर साधा पांढरा चालतो.

पाठीवरची बॅग घरी ठेवा. पारदर्शक पिशवी लागते, फार तर 12 इंच लांब, 6 इंच रुंद, 12 इंच उंच. तिच्याबरोबर हातात मावेल एवढं छोटं पाकीटही चालतं. दारावरून परत गाडीपर्यंत चालत जाणं म्हणजे सप्टेंबरच्या उन्हात अर्धा तास गेला. टोपी, सनस्क्रीन, आधीपासून भरपूर पाणी. पूर्वेकडच्या, विद्यार्थ्यांच्या बाजूला दुपारचं ऊन थेट तोंडावर येतं. आपल्याला उन्हाची सवय आहे असं समजून मी पहिल्या वर्षी टोपी नेली नव्हती. ती चूक करू नका.

आदल्या रात्री बारा वाजता

घरच्या सामन्याच्या आदल्या रात्री बारा वाजता त्याच स्टेडियममध्ये मिडनाइट यल असतं. तिथे खेळ नसतो, फक्त आरोळ्यांचा सराव असतो. इथे चीअरलीडर नाहीत. पांढऱ्या कपड्यांतले पाच यल लीडर असतात, तिघे शेवटच्या वर्षाचे, दोघे त्याआधीच्या, आणि त्यांना विद्यार्थी मतदानाने निवडतात. ते हातांनी खूण करतात. पुढच्या रांगेने ती खूण पाहिली की ती मागच्यांकडे करते, ते त्यांच्या मागच्यांकडे, आणि काही क्षणांत वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या माणसालाही कळतं की आता कोणती आरोळी द्यायची. ही खूण पुढे देणं तुमचंही काम आहे. मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहिलात तर तुमच्या मागच्या रांगा तुटतात.

नव्या माणसाने सामन्याआधी एकदा तरी इथे यावं, असा माझा आग्रह आहे. आरोळी देताना सगळे कमरेत वाकून गुडघ्यांवर हात ठेवतात. ते का, कसं, कधी, हे इथे निवांत कळतं. शेवटी दिवे मालवले जातात आणि जोडपी एकमेकांचं चुंबन घेतात. टचडाउनला मैदानातही असंच होतं. ही तिथली फार जुनी पद्धत आहे. त्यांचं चित्रण करू नका. आईबाबा सोबत असतील तर आधी सांगून ठेवा.

सकाळपासून मैदानापर्यंत

सामना संध्याकाळी असला तरी लोक सकाळपासून गाड्यांच्या मागे तंबू टाकून, शेगड्या पेटवून बसतात. याला टेलगेटिंग म्हणतात. अनोळखी माणूसही "हाउडी" म्हणतो. उत्तरही "हाउडी" असंच द्यायचं, मान खाली घालून पुढे जाणं इथे उद्धट वाटतं. पाहुण्या संघाच्या रंगातली माणसं दिसली तरी हाउडीच. कुणी खायला बोलावलं तर रिकाम्या हाताने जाऊ नका. माझा अनुभव असा की चिवड्याचा डबा कधी भरलेला परत आला नाही. शाकाहारी असाल तर मोकळेपणाने सांगा आणि पोटभर खाऊनच आत जा. दारू 21 वर्षांखालच्यांना नाही, आणि दुसऱ्याच्या हातात ग्लास देणाऱ्यावरही जबाबदारी येते.

वाटेत मेमोरियल स्टुडंट सेंटर लागेल. युद्धांत मरण पावलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ ती इमारत आहे. आत शिरताना टोपी काढायची, आणि भोवतालच्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. मैदान जवळ आहे, मधूनच गेलं तर वाट वाचते, असं वाटेल. वाचवू नका. ती हिरवळही स्मारकाचाच भाग आहे. देवळाबाहेर चपला काढायला जसं आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, तसं इथल्या मुलांना हे सांगावं लागत नाही.

विद्यापीठाची शुभंकर, रेव्हिली ही कुत्री भेटेल. ती रफ कॉली जातीची, आणि विद्यापीठाच्या कॅडेट दलात तिचा हुद्दा सर्वांत वरचा आहे. सोबतच्या कॅडेटला विचारल्याशिवाय तिच्या अंगाला हात लावू नका.

आत गेल्यावर

राष्ट्रगीताला टोपी काढून स्वस्थ उभं राहा. अमेरिकन लोक छातीवर हात ठेवतात. आपण पाहुणे आहोत, ताठ आणि शांत उभं राहिलं तरी मान राखला जातो.

मग नव्या माणसाची सर्वांत मोठी चूक होते, आणि ती अगदी उत्साहाच्या भरात होते. आपल्या संघाकडे चेंडू आला की आपण ओरडतो. इथे तेव्हा गप्प व्हायचं असतं. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा मुख्य खेळाडू, चेंडू सुरू होण्याआधी आपल्या खेळाडूंना तोंडाने हाका देऊन चाल सांगतो, बदलतो. 2024 पासून कॉलेजच्या वरच्या गटात प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून एका खेळाडूशी बोलू शकतात, पण चाल सुरू करायला दिलेल्या वेळेचे 15 सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. त्यापुढे आवाजच कामाचा. गोंगाटात हाक ऐकू गेली नाही आणि एखादा खेळाडू आधीच हलला, तर 5 यार्ड मागे. तुमच्या आरोळीने तुमच्याच संघाचं नुकसान.

चेंडू पाहुण्यांकडे गेला की मात्र घसा फाटेस्तोवर ओरडा. विशेषतः त्यांचा तिसरा प्रयत्न असेल तेव्हा. लाखभर माणसं अशी एका क्षणात गप्प होतात आणि दुसऱ्या क्षणी गर्जतात, ते पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आता हुर्यो. पंचांनी विरुद्ध निर्णय दिला की आपल्या तोंडातून आपसूक 'हूऽऽ' निघतं. मैदानावर वाढलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ही सवय आहे. ए अँड एमचे विद्यार्थी हुर्यो उडवत नाहीत. पंच फारच चुकले असं वाटलं तर सापासारखा फुत्कार टाकतात, तेवढंच. आपल्या संघातल्या मुलाने चेंडू सोडला तर त्याच्यावर तर मुळीच ओरडायचं नाही. मला हे सगळ्यांत उशिरा जमलं. माझ्या तोंडून एकदा सवयीने हूऽ निघालं तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजींनी मागे वळून हळूच सांगितलं, "आपण असं करत नाही, बेटा." त्यांच्या त्या 'आपण' शब्दात मी पण होते. त्या दिवसानंतर मी तसं केलं नाही.

अंगठा वर करून दाखवला की ती इथली खूण, 'गिगेम'. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे फसवणं, हे क्षणभर विसरा आणि परत अंगठा दाखवा. 'ॲगी वॉर हिम' हे विद्यापीठाचं गीत (ॲगी म्हणजे ए अँड एमची माणसं) सुरू झालं की शेवटाकडे सगळे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून डावीउजवीकडे झुलतात. एक रांग एकीकडे, पुढची दुसरीकडे. मध्ये बॅग, बाटली, लहान मूल असेल तर आधी सांभाळा. अनोळखी माणसाचा हात खांद्यावर नको असेल तर हसून नाही म्हणता येतं.

मध्यंतर 20 मिनिटांचं, आणि ते बँडचं असतं. खाणं आणायला तेव्हा पळू नका. कॅडेटांचा बँड शेकडो जणांचा, एकमेकांच्या मधून आरपार जाणाऱ्या रांगा, एक पाऊल चुकत नाही. पाहुण्यांचा बँड आला असेल तर त्यांच्या वेळीही बोलणं थांबवा आणि शेवटी टाळ्या द्या.

खेळाडू पडला आणि उठत नाही, तेव्हा बाकीचे खेळाडू एक गुडघा टेकतात. दोन्ही संघांचे. स्टेडियम शांत होतं. तो कोणाचा आहे हे बघायचं नाही. तो उठला, किंवा स्ट्रेचरवरून नेताना त्याने हात हलवला, की सगळे टाळ्या वाजवतात. हा क्षण मोबाइलवर घेणं मला अजून कधी योग्य वाटलेलं नाही. मैदानावर तो अठरा-वीस वर्षांचा मुलगा आहे आणि वर कुठेतरी त्याची आई बसलेली असते.

1999 ची गोष्ट, जी माहीत असायलाच हवी

ए अँड एम आणि ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ यांची चुरस एकोणिसाव्या शतकापासूनची. ए अँड एमच्या गीतात समोरच्यांची शिंगं करवतीने कापायची भाषा आहे, कारण त्यांच्या संघाचं नाव लाँगहॉर्न, म्हणजे लांब शिंगांची गुरं. या सामन्याआधी ए अँड एमचे विद्यार्थी ओंडक्यांची प्रचंड होळी रचायचे, बॉनफायर. हजारो हात महिनोन्महिने त्यासाठी राबायचे. 18 नोव्हेंबर 1999 च्या पहाटे अडीचच्या सुमारास, काम चालू असताना, सुमारे 59 फूट उंचीची ती रचना कोसळली. 12 जण गेले, 27 जखमी झाले.

आठ दिवसांनी, 26 नोव्हेंबरला, सामना ठरल्याप्रमाणे काइल फील्डवर झाला. मध्यंतरात टेक्सासचा बँड मैदानात आला. ज्यांची शिंगं कापायची गाणी इथे दर सामन्याला म्हटली जातात, त्यांचाच बँड. त्यांनी 'अमेझिंग ग्रेस' वाजवलं, मग सैनिकाला अखेरचा निरोप देताना वाजवतात ती 'टॅप्स' ही बिगुलाची धून वाजवली. टोप्या काढल्या आणि शांतपणे बाहेर गेले. त्या दिवशी ए अँड एमने 20-16 असा विजय मिळवला, पण जुन्या माणसांना विचाराल तर ते आधी त्या बँडबद्दल सांगतील.

म्हणून पाहुण्यांच्या गाण्याला, त्यांच्या हाताच्या शिंगांच्या खुणेला, त्यांच्या बँडला अपमानकारक काही करायची लहर आली, तर ही गोष्ट आठवा. गाण्यातली शिंगं कापणं हा खेळ आहे, माणसाला खिजवणं हा खेळ नाही. या दोघांचा सामना 2011 नंतर 13 वर्षं झाला नव्हता. 30 नोव्हेंबर 2024 ला तो पुन्हा काइल फील्डवर झाला आणि टेक्सासने 17-7 असा जिंकला. बॉनफायर जिथे कोसळलं तिथे स्मारक आहे. त्यातली 12 दारं गेलेल्यांच्या गावांच्या दिशांना उघडतात. सामन्याच्या गडबडीत नाही, पण वर्षात एखाद्या सकाळी जाऊन या. तिथे बोलू नका.

दुसऱ्या गावी गेलात तर

प्रत्येक विद्यापीठाच्या रीती वेगळ्या, आणि इथल्या सवयी तिथे चालतीलच असं नाही. आयोवा सिटीत किनिक स्टेडियमला गेलात तर पहिला क्वार्टर संपल्यावर जागेवरून हलू नका. शेजारी मुलांचं रुग्णालय आहे, वरच्या मजल्यावरून आजारी मुलं सामना बघतात. 2017 पासून सगळं स्टेडियम तिकडे वळून हात हलवतं, पाहुणा संघ आणि पंचही. तुम्ही कोणत्याही रंगात असा, हात हलवा. नेब्रास्कात घरचे प्रेक्षक पाहुण्या संघाला मैदान सोडताना टाळ्या देतात, तेव्हा तुम्ही पाहुणे असाल तर उलट टाळ्या द्यायला विसरू नका. लष्कर आणि नौदल यांच्या अकादम्यांचा सामना संपल्यावर दोन्ही संघ एकत्र उभे राहतात आणि आधी हरलेल्यांचं गीत गातात, मग जिंकलेल्यांचं. तेवढ्या वेळासाठी दाराकडे धावू नका.

जाण्याआधी तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला एवढंच विचारा: तुमच्याकडे काय करत नाहीत? 'काय करतात' हे सगळे सांगतात. 'काय करत नाहीत' हे विचारल्यावरच कळतं.

शेवटची शिट्टी वाजल्यावर

मोठा सामना जिंकला की कठडे ओलांडून मैदानात शिरायची लाट येते. त्यात सामील होऊ नका. ए अँड एम ज्या परिषदेत खेळतं त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सने 2025 मध्ये नियम कडक केला, यजमान विद्यापीठाला दर खेपेला 5 लाख डॉलर दंड. त्याहून मोठं म्हणजे चेंगराचेंगरीत पाहुणे खेळाडू सापडतात. तुम्ही विद्यार्थी व्हिसावर असाल तर पोलिसांच्या कागदावर नाव येण्याची जोखीम आणखी वेगळी.

हरलात तर निघायची घाई आणखी वाटते. थांबा. इथे हरल्यावरही यल लीडर उभे राहतात आणि विद्यार्थी पुढच्या सामन्यासाठी जागच्या जागी आरोळ्यांचा छोटा सराव करतात. घसा बसलेला असतो, डोळे भरलेले असतात, तरी देतात. मला जिंकलेल्या सामन्यांपेक्षा या हरलेल्या रात्री जास्त आठवतात.

घरी गेल्यावर ज्याच्या हातून चेंडू निसटला त्या मुलाच्या खात्यावर जाऊन काही लिहू नका, चांगल्या हेतूने दिलेला सल्लासुद्धा नको. सोमवारी तो कदाचित तुम्ही ज्या वर्गाचे टीए (शिकवायला मदत करणारे) आहात त्याच वर्गात बसलेला असेल. त्याला हाउडी म्हणा आणि गृहपाठाबद्दल बोला.

गाड्यांची गर्दी तासभर हटत नाही. तेवढ्या वेळात उत्तरेच्या प्रवेशाजवळ चक्कर मारा. याच नावाच्या आधीच्या कुत्र्या, पूर्वीच्या रेव्हिली, तिथे पुरल्या आहेत, मैदानाकडे तोंड करून. गुणफलक त्यांना दिसावा म्हणून ही जागा निवडली होती. स्टेडियम वाढवताना नव्या बांधकामाने तो झाकला गेला, तेव्हा त्यांच्यासाठी बाहेर एक छोटा गुणफलक बसवला. सामना संपल्यावर लोक तिथे थांबून तो वाचतात. तुमच्या डोक्यावर टोपी असेलच, ती हातात घ्या.